आवाज पॅडचा नव्हता

शिरगावच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. मे महिन्यात तिथे लम्पीची लस टोचायला गेलो होतो. अंगणाच्या तोंडाशीच उतार, म्हणून पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी नेहमीसारखी किंचाळली. नेमकी त्याच वेळी एक मुलगी पाडीला खुंट्याकडे नेत होती. पाडी बिथरली, तिने हिसका दिला आणि दावं त्या पोरीच्या तळहातावरून सर्रकन घसरलं. साल निघालं. तिने हूं की चूं केलं नाही. मी तिच्या हाताला औषध लावत होतो तेव्हा तिची आजी म्हणाली, "डॉक्टर, तुमची गाडी खालच्या वळणावर आली की आमच्या गोठ्यात आधी कळतं." तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. मला मात्र ते फार लागलं.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे, वाडीवरची माणसं डॉक्टर म्हणतात. राहायला चिपळूणला, आणि कामाची गावं कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी: अलोरे, शिरगाव, पोफळी आणि त्यांच्या आजूबाजूच्या वाड्या. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर सहज होतात, त्यातले निम्मे चढउताराचे. गाडी म्हणजे मोटरसायकल, २०१६ ची, दीडशे सीसीची. पुढे डिस्क, मागे ड्रम. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, नाही. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ते सक्तीचं झालं २०१९ मध्ये, माझी त्याआधीची.

पुढच्या ब्रेकचा आवाज सुरू होऊन आठ महिने झाले होते. तेवढ्यात दोनदा पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या चकत्या, बदलले. पहिल्यांदा गॅरेजमधला पोरगा म्हणाला, "नवीन आहेत साहेब, घासून घासून बसतील." बसले नाहीत. दुसऱ्यांदा त्याने पॅडवर पॉलिश पेपर मारला, डिस्क पुसली, आठवडाभर गाडी गप्प राहिली आणि मग पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा डिस्कच बदलू म्हणाला. त्या मुलाला दोष देत नाही. समोर पाच गाड्या उभ्या असताना प्रत्येक गाडीला दहा मिनिटं मिळतात, आणि दहा मिनिटांत पॅड बदलता येतात, कारण शोधता येत नाही. वाडीवरून परतताना ठरवलं, या रविवारी गाडी अंगणात घ्यायची आणि कारण सापडेपर्यंत बाजारातून एकही पार्ट आणायचा नाही.

आवाज येतो म्हणजे नेमकं काय होतं, हे आधी समजून घ्यायला हवं होतं. सारंगीवर गज फिरतो तेव्हा तो तारेला धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, आणि या धरण्या-सोडण्यातून तार थरथरते. ब्रेकमध्ये तारेच्या जागी डिस्क आणि गजाच्या जागी पॅड. हे धरणं-सोडणं सेकंदाला हजारो वेळा होतं, म्हणून आवाज इतका चिरका. थोडा कंप प्रत्येक ब्रेकमध्ये असतोच. सगळं घट्ट, सरळ आणि जागच्या जागी असेल तर तो आतल्या आत जिरतो. काहीतरी सैल, वाकडं किंवा अडकलेलं असेल तर तो वाढत जाऊन कानाला ऐकू येतो. म्हणजे ओरडतं पॅडच, पण त्याला ओरडायला लावणारं दुसरं काही असू शकतं. नवं पॅड घातलं की थोडे दिवस गप्प राहतं, कारण ते सपाट असतं. जुन्याला ज्याने बिघडवलं तेच यथावकाश नव्यालाही बिघडवतं.

रविवारी सकाळी सातला, रस्त्यावर वर्दळ नसताना, आमच्या गल्लीतल्या लांब कंपाउंडच्या भिंतीला लागून गाडी चालवली. भिंतीवरून आवाज उलटा येतो आणि बारकावे स्वच्छ ऐकू येतात. वेग वीसचा. आधी फक्त पुढचा ब्रेक: चिरका, लांबलेला, हलक्या दाबाला जास्त आणि जोरात दाबला की जवळजवळ बंद. मग फक्त मागचा: जाडसर 'कुईंक', तोही गाडी थांबता थांबता, शेवटच्या हातभर अंतरात. आठ महिने मी एकच आवाज समजत होतो, ते दोन निघाले. पुढच्याच्या ओरडण्यात मागचा झाकला गेला होता.

मग इंजिन बंद करून उतारावर गाडी नुसती सोडली. कुठलाही ब्रेक न लावता पुढच्या चाकातून 'खस्स्स' असा बारीक आवाज सतत येत होता. ही गोष्ट महत्त्वाची निघाली. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच, थांबून थांबून येणारा आवाज डिस्क वाकल्याचा असू शकतो. सतत येणारा असेल तर पॅड डिस्कला सोडतच नाहीये.

खात्री करायला तीन किलोमीटरचा फेरा मारला. सावकाश, मोकळ्या रस्त्याने, थांबायला फक्त गिअर आणि मागचा ब्रेक, पुढच्याला हात लावला नाही. घरी येऊन डिस्कवर बोटाने पाण्याचे चार थेंब टाकले. चर्र झालं, थेंब जागच्या जागी उडून गेले. ब्रेक न लावलेल्या डिस्कवर पाणी असं उडायला नको. बोट लावून बघू नका, तापलेली डिस्क चांगलीच भाजते.

गाडी डबल स्टँडवर घेतली. पुढचं चाक उचलायला फ्रेमच्या खालच्या नळीखाली चिऱ्याचा अर्धा तुकडा आणि त्यावर लाकडाची फळी लावली. सायलेन्सरच्या नळीखाली टेकू द्यायचा नाही, ती दबते. डिस्क वाकली आहे का ते बघायला खराट्याची एक काडी फोर्कला चिकटपट्टीने अशी बांधली की तिचं टोक डिस्कपासून केसभर लांब राहील. चाक हळूहळू फिरवलं आणि ती फट बघत राहिलो. फट सगळीकडे सारखी होती. डिस्क सरळ.

तिची जाडी मोजायला माझी मुलगी मदतीला आली. ती अकरावीला आहे, फिजिक्सच्या प्रॅक्टिकलसाठी घरी व्हर्नियर आणलेला. डिस्कच्या बाहेरच्या कडेला न झिजलेली एक बारीक वरंबी असते. व्हर्नियरचे जबडे सरळ लावले तर त्या वरंबीची जाडी येते, झिजलेल्या पट्ट्याची नाही. हे तिच्याच लक्षात आलं. तिने एक रुपयाची सारखी दोन नाणी घेतली, डिस्कच्या दोन्ही बाजूंना झिजलेल्या पट्ट्यावर धरली, तिघांची मिळून जाडी मोजली आणि त्यातून दोन नाण्यांची वजा केली. "३.८ मिमी, बाबा." डिस्कवर कमीत कमी जाडी ३.५ कोरलेली आहे. म्हणजे डिस्क बदलायची काही गरज नव्हती.

आता कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग. माझ्या गाडीचा कॅलिपर तरंगता आहे, बहुतेक साध्या गाड्यांना हाच असतो. त्याचे पिस्टन एकाच बाजूला असतात. लिव्हर दाबली की ब्रेक ऑईल पिस्टनला ढकलतं आणि आतलं पॅड डिस्कला टेकतं. तेवढ्यावर थांबून चालत नाही, बाहेरचं पॅडही टेकायला हवं. त्यासाठी अख्खा कॅलिपर दोन गुळगुळीत पिनांवरून आडवा सरकतो आणि बाहेरच्या पॅडला आपल्याबरोबर ओढून आणतो. लिव्हर सोडली की तो त्याच पिनांवरून जरासा मागे होतो. सगळी मदार या दोन पिनांवर. त्या रबरी बुटांच्या आत लपलेल्या असतात, बाहेरून दिसत नाहीत, म्हणून कोणाच्या ध्यानातही येत नाहीत.

पॅडची पिन एलन कीने आधीच थोडी सैल करून ठेवली, कारण कॅलिपर हातात लोंबकळायला लागला की ती सुटता सुटत नाही. मग बारा नंबरच्या पान्ह्याने कॅलिपरचे दोन बोल्ट काढले आणि कॅलिपर तारेने हॅण्डलला टांगून ठेवला. पाईपला लोंबकळू द्यायचा नाही. आणि कॅलिपर डिस्कवरून काढलेला असताना चुकूनही लिव्हर दाबायची नाही, पिस्टन बाहेर येतात. मुलीने लिव्हरला कागद गुंडाळून त्यावर फुली मारली.

पॅड हातात आले तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो. आमच्या कामात जनावर काही सांगत नाही. शेण, डोळे, नाकपुडी बघून आणि पोटावर हात फिरवून कळून घ्यावं लागतं. हे पॅड तसंच सगळं सांगत होते. आतल्या पॅडचा माल एका टोकाला २.७ मिमी होता आणि दुसऱ्या टोकाला १.६. पाचरीसारखं झिजलेलं. बाहेरचं पॅड ३.२, जवळजवळ नवंच. दोन्हींचं तोंड आरशासारखं चकचकीत, काळपट. नुसतं जुनं झालेलं पॅड पाचरीसारखं झिजत नाही. ते डिस्कवर सपाट बसतच नव्हतं, एका कडेने टेकत होतं, आणि तीच कड डिस्कवर अडखळून थरथरत होती.

गॅरेजमध्ये असेच जुने पॅड दोनदा हातात आले होते. त्यांची जाडी दोन टोकांना कोणी ताडून पाहिली असती तर तिथेच उलगडा झाला असता. तुमच्या गाडीचे पॅड कोणी बदलत असेल तर जुने मागून घ्या आणि घरी आणून उजेडात चारही बाजूंनी बघा. भंगारात त्यांचा एक रुपयाही येत नाही, पण गाडीच्या पोटातली खबर त्यांच्यावर लिहिलेली असते.

कॅलिपर हाताने सरकवून बघितला. वरची पिन तेलात बोट घालावं तशी हलली. खालची जागची हलेना. कॅलिपर सरकत नव्हता, तो वरच्या बाजूने तिरका होत होता, आणि पाचर पडायचं कारण हेच. लिव्हर सोडल्यावर तो मागेही येत नव्हता, म्हणून डिस्क तापत होती, म्हणून पॅडचं तोंड काचेसारखं झालं होतं.

खालची पिन काढायला दीड तास गेला. हातोडी मारायचा मोह होतो, पण मारू नका, पिनेला पोचा आला तर ती कामातून गेली. गंज सोडवणारा स्प्रे फक्त लोखंडाच्या सांध्यावर मारला, बाकी सगळ्याला प्लास्टिक गुंडाळून. अर्धा तास थांबून पकडीने पिन इकडून तिकडे, तिकडून इकडे, नुसती पिळत राहिलो. ओढायचं नाही, पिळायचं. आधी केसभर, मग गहूभर. एकदम 'टच्च' झालं आणि पिन दोन बोटं बाहेर आली.

तिच्यावर मधोमध गंजाचं कडं होतं. रबरी बूट एका बाजूला चिरलेला. भोकात ग्रीसचा मागमूस नव्हता. काडीला कापड गुंडाळून आत फिरवलं तर तपकिरी पूड निघाली, आणि तिच्यात राखाडी, पिठासारखं मऊ असं काहीतरी. बोटांत चोळल्याबरोबर ओळखलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा ही गाडी सीटपर्यंत बुडाली होती. पाणी उतरल्यावर इंजिन खोललं, ऑईल तीनदा बदललं, वायरिंग सुकवलं, चाकांची बेअरिंग नवी घातली. ब्रेक पाण्याच्या फवाऱ्याने धुतले. त्या दिवसांत गावात एकेका फिटरकडे शंभर गाड्या होत्या, पिना कोण खोलणार? तो गाळ असाच असतो, मऊ, राखाडी, कोरडा झाला की पावडरीसारखा. आमच्या जुन्या लाकडी कपाटाच्या बिजागऱ्यांतून तो अजून निघतो. मुलीने तो बोटाला लावून बघितला आणि म्हणाली, "आपल्या कपाटातला." तेव्हा ती सातवीत होती. आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

पिन आधी ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासली, नखाला काही लागेनासं होईपर्यंत. भोक स्पिरिटने चार वेळा पुसलं. आता बाजारात जायला हरकत नव्हती. रबरी बुटांचा किट, पॅडचा सेट, सिलिकॉन ग्रीसची ट्यूब आणि डॉट ४ ब्रेक ऑईल, सगळं मिळून साडेसातशे रुपये झाले. डिस्कच बदलली असती तर याहून जास्त गेले असते आणि पिन तशीच अडकलेली राहिली असती.

ग्रीसबद्दल कळकळीने सांगतो. घरात असलेलं चाकाचं किंवा चेनचं ग्रीस इथे लावू नका. ब्रेकची रबरं ब्रेक ऑईलला टिकतील अशा जातीची असतात, आणि तेलापासून बनवलेल्या ग्रीसने, पेट्रोलने, रॉकेलने ती फुगतात. फुगलेलं रबर पिनेला आणखी आवळून धरतं, आणि आजचा उपाय सहा महिन्यांनी रोग होऊन बसतो. सिलिकॉनचंच लावायचं आणि तेही पातळ. भोक एका बाजूने बंद असतं. आत ग्रीस ठासलं तर हवा कोंडते आणि पिन दाबली की स्प्रिंगसारखी परत उसळते. मी पहिल्यांदा जास्त लावलं होतं, पुसून पुन्हा लावलं.

पॅड काढल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. पिस्टन आणि पॅडची पाठ यांच्यामध्ये पत्र्याची पातळ पट्टी असते, तिला शिम म्हणतात. कंप जिरवणं हेच तिचं काम. माझ्या कॅलिपरमध्ये ती नव्हतीच. ती जुन्या पॅडच्या पाठीला चिकटून येते आणि पॅडबरोबरच कचऱ्यात जाते, माझीही तशीच गेली असणार. नव्या सेटबरोबर शिम आली नाही. दुकानदाराने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या सेटमधली काढून दिली, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

पिस्टन बाहेरच्या बाजूने काळ्या धुळीने माखले होते. तसेच आत ढकलले तर ती धूळ सिलला खरवडते. म्हणून पॅडच्या जागी लाकडाची चपटी पट्टी धरली आणि मुलीला लिव्हर अगदी हळू दाबायला सांगितली. पिस्टन चार-पाच मिमी बाहेर आले आणि पट्टीला टेकून थांबले. जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, मग कोरडं कापड. आत ढकलण्याआधी हॅण्डलवरच्या डबीतून मेडिकलमधून आणलेल्या २० मिलीच्या नव्या सिरिंजने थोडं ऑईल काढून घेतलं, नाहीतर ते उतू जातं, आणि ब्रेक ऑईल रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं.

काढलेलं ऑईल कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि कोकणात ओलाव्याला तोटा नाही. नवं डॉट ४ कमीत कमी २३० अंशाला उकळतं, पाणी शोषलेलं १५५ ला उकळलं तरी चालतं असं त्याचं प्रमाण आहे. घाट उतरताना पाईपमध्ये वाफ झाली तर लिव्हर पोकळ लागते. हात लागलाच होता म्हणून तेही बदललं: सलाईनची नळी, कॅलिपरवरच्या निप्पलला आठ नंबरचा पान्हा, मुलगी लिव्हरवर, आणि बुडबुडे थांबेपर्यंत दाब, सोड, दाब. डबीतलं ऑईल तळाला जाऊ द्यायचं नाही एवढीच काळजी.

डिस्कवरची चकाकी १२० नंबरच्या पेपरने गोल गोल घासून घालवली आणि स्वच्छ कापडाला स्पिरिट लावून पुसली. नव्या पॅडच्या कडा कानशीने किंचित तिरप्या केल्या, म्हणजे पुढची कड डिस्कवर अडखळत नाही. पॅडच्या पाठीला, जिथे पिस्टन टेकतो तिथे, ग्रीसचा हलका हात. तोंडाला तेलाचा किंवा ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. डिस्कवर थोडं तेल सोडा, आवाज बंद होईल, असा सल्ला मला एकाने मनापासून दिला होता. आवाज खरंच बंद होतो. ब्रेकही बंद होतो. असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आणि इतरांनाही सांगा.

सगळं आवळल्यावर लिव्हर पहिल्यांदा हॅण्डलपर्यंत पोकळ जाते. दहा-बारा वेळा दाबून ती कडक झाल्याशिवाय गाडी स्टँडवरून काढायचीच नाही. चाक फिरवलं. 'खस्स्स' गेलं होतं, चाक दोन फेरे जास्त फिरलं.

मागच्या ड्रमचं काम दुपारी जेवून केलं आणि ते सोपं निघालं. चाक काढलं, ओलं फडकं आणि तोंडाला मास्क लावून आतली काळी धूळ पुसली. ती फुंकू नका, हवेचा फवाराही मारू नका. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या अस्तरात, ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की तिथेच राहतं. लायनर निम्मे शिल्लक होते, नुसते चकाकलेले. पेपरने घासले, कडा मारल्या, ड्रमही आतून घासला. खरं दुखणं कॅमचं. पायाने ब्रेक दाबला की जी चपटी खुंटी फिरून दोन्ही लायनर फाकवते ती कोरडी ठाक पडली होती, म्हणून पायाचा ब्रेक सोडल्यावर पेडल रेंगाळत वर यायचं. ती साफ करून तिच्या दांड्याला आणि टोकाला उष्णता सोसणारं ग्रीस नखाएवढं लावलं. उरलेलं पुसून काढलं, नाहीतर तापल्यावर ओघळून लायनरवर येतं. चाक बसवताना ड्रमची प्लेट धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट आणि त्याची स्प्लिट पिन दोनदा तपासा. ती पट्टी सुटली तर ब्रेक दाबताक्षणी प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक अडकतं. या एका नटाने माणसं पडली आहेत. शेवटी पेडलला दोन-अडीच सेंटीमीटर मोकळीक ठेवली आणि ब्रेक लाईटचा स्विच पुन्हा लावला.

सोमवारी पहाटे बहादूरशेख नाक्याच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर नवे पॅड बसवून घेतले. चाळीसच्या वेगावरून दहावर यायचं, मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता, आणि पुन्हा वेग घ्यायचा. असं वीस वेळा, मधे डिस्क थंड होऊ देत. पहिल्या सात-आठ वेळी ब्रेक बोथट लागला, मग तो धरू लागला. परत येऊन पाण्याचे थेंब टाकले. ते डिस्कवरून नुसते ओघळले.

जूनच्या पहिल्या पावसात सकाळी एकदा 'कीच्' झालं आणि माझा जीव वर आला. रात्रीच्या दमटपणाने डिस्कवर धरलेला गंजाचा पापुद्रा होता तो, तीन-चार ब्रेकांत पुसला गेला. समुद्राजवळच्या गावांत हे पावसाळाभर चालतं, त्याला काही करायला नको. ऑईल गळत असेल, पंप करूनही लिव्हर पोकळ राहत असेल, किंवा डिस्कला चीर दिसली, तर मात्र गाडी चालवत नेऊ नये, टेम्पोत घालून जाणत्या माणसाकडे न्यावी.

शिरगावच्या त्या वाडीवर आठवड्यात गेलो. त्या पोरीच्या हाताची खपली पडली होती.

दीड हजार किलोमीटर झाल्यावर परवा पॅड पुन्हा काढले. खालची पिन बोटाने सरकत होती. माझ्या मुलीने व्हर्नियर लावला आणि तिच्या प्रॅक्टिकलच्या वहीत मागच्या पानावर, मेमधल्या आकड्यांच्या खाली लिहिलं: आतलं पॅड, वर ३.७, खाली ३.७. बाहेरचं, वर ३.८, खाली ३.७.